साहेबांचा शुभ अंक आणि आमचा प्रिंटर

मंडळी, आज अक्षरशः किळस आली.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळते. आज सकाळपासून सगळ्या ऑफिसचा मिळून असलेला एकुलता एक प्रिंटर ठप्प. लिनक्स सर्व्हरवरून एक कागद निघेना. समोर सोनागिरी वसाहतीत राहणारे, आमच्याच कारखान्यातले फिटर वानखेडेकाका बसलेले. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस, आणि पेन्शनचे कागद छापायचे होते.

केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला. आमचे सेक्शनचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, आपसे नहीं होगा."

जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी आपला कॉम्प्युटर बंद केला आणि प्रिंटर धडाधड छापू लागला! पण काकांचे कागद निघण्याआधीच साहेब परत आले, कॉम्प्युटर लावला आणि पुन्हा ठप्प. तेव्हा मी त्यांच्या कॉम्प्युटरची सेटिंग उघडली. ज्योतिषाने सांगितलेला शुभ अंक हवा म्हणून त्यांनी नेटवर्कचा नंबर स्वतःच बदलला होता. तो नेमका प्रिंटरचा! सर्व्हर बिचारा प्रिंटर समजून त्यांच्याच कॉम्प्युटरचं दार ठोठावत होता.

दाखवलं तर हसले. "छोटी सी बात है. प्रिंटर का नंबर बदल दो."

मी बदलला आणि काकांचे कागद छापून दिले. दिवसभर ताटकळलेल्या काकांनी जाताना मलाच हात जोडले.

आता सांगा, किळस नक्की कोणाची यावी, साहेबांची की त्यांचं ऐकणाऱ्या माझी?