सेव्हचं बटण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही असं वाटायचं — म्हणजे, मी स्वतःला तसं पटवत होतो.

आमच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे. कोकणातल्या बहुतेक गावांचं असतंच. गणपतीत गावी जायच्या बसची नावनोंदणी मंडळ करतं, आणि ती वेबसाइटवर आणली मी. पवईत एका कंपनीत कोडिंग करतो ना, म्हणून साइट माझ्या गळ्यात पडली. खरं सांगू? मला ते आवडायचं. मीटिंगला गेलो की माझ्यासाठी कुणीतरी खुर्ची सरकवायचं.

आलेली नावं तपासून ॲडमिन पॅनेलमध्ये, म्हणजे साइटच्या आतल्या पानावर, सेव्ह करायच्या सुनंदा वहिनी. घाटकोपरला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात. नवरा गेल्यावर नुसत्या बसून असायच्या. मीच त्यांना शिकवलं — माउस कसा धरायचा इथपासून. मग लोक बसच्या सीटसाठी त्यांना फोन करायला लागले, आणि बाई बदललीच हो! मोठ्याने बोलायला लागली, अध्यक्षकाकांनाही दटावायला लागली.

आता माझं. म्हातारी माणसं फॉर्ममध्ये वय मराठी आकड्यांत टाकायची आणि साइट ते घ्यायची नाही. म्हणून ऑफिसात जेवता जेवता मी ते आकडे बदलून घेणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि चालू साइटवरच टाकून दिली. न तपासता. ऑफिसात असं कुणी केलं तर मी त्याची सालटी काढतो. पण मंडळाची साइट — कोण बघतंय?

वहिनींचा फोन आला. सेव्ह दाबलं की काहीच होत नाही. नोंदणी नुकतीच सुरू झालेली, लोक तापलेले. संध्याकाळी मंडळाच्या खोलीत जाऊन ब्राउझरमध्ये एरर बघितला. लाल ओळ, आणि तिच्यात माझ्याच फाइलचं नाव. एक कंस बंद करायचा राहिला होता. तेवढ्याने पानावरची सगळी बटणं मेली होती.

अध्यक्षकाका मागे उभे होते, वहिनी बाजूला. म्हणाले, "काय वाट लावलीस रे?" गंमतीतच म्हणाले असतील. आणि मी — वळलोसुद्धा नाही — म्हणालो, "पॅनेलमध्ये कुणीतरी काहीतरी दाबलंय."

पॅनेलमध्ये जाणारं दुसरं होतं कोण? बोलताना मला ते माहीत नव्हतं का? होतं. चांगलं माहीत होतं.

वहिनी हळूच म्हणाल्या, "माझ्याच हातून कायतरी चुकला असतला रे." मी गुपचूप कंस टाकला. बटण चालायला लागलं. सगळे म्हणाले, झकास! चहा आला, तो मी प्यायलो.

काकांनी तिथल्या तिथे काम काढून घेतलं. "वहिनी, तुम्ही आता सत्यनारायणाच्या प्रसादाचं बघा." त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी स्क्रीनकडे. का गप्प बसलो? नोकरी जाणार नव्हती, कुणी मारणार नव्हतं. काका चारचौघांत हसले असते, बस. तेवढ्यासाठी. लाज वाटते मला, पण तेव्हा वाटली नव्हती — तेव्हा सुटलो असंच वाटलं होतं.

सत्यनारायणाला त्या आल्याच नाहीत. मंडळातही येईनाशा झाल्या.

गेल्या आठवड्यात दारात आल्या, वाजणारा फोन हातात घेऊन. परदेशातल्या मुलीचा व्हिडिओ कॉल होता. नाव दिसत होतं, मुलीचा फोटो दिसत होता. "तूच उचल रे बाबा, माझ्या हातून बिघडता." मी हिरवं बटण दाबून दिलं. पलीकडून मुलगी आनंदाने ओरडली, "आई, तू उचललास?" वहिनी म्हणाल्या, "नाय गो. मी नाय."

त्यांना आजही वाटतं, त्या दिवशी साइट त्यांनी बिघडवली. ती मी बिघडवली होती.