मागचा डावा दरवाजा

माझा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. उंच, काटकुळा, आणि वेळेचा इतका पक्का की शेजारीपाजारी त्याला 'काटा' म्हणू लागले. मग आम्ही घरचेही तेच म्हणू लागलो. जिन्याखालच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून त्यानं सगळी हयात काढली. स्वभावानं गरीब, पण हट्टी असा की भिंतीनं त्याच्याकडून शिकावं. त्याचं एक ठाम मत आहे: यंत्रात जे हलण्यासाठी केलंय ते हललंच पाहिजे. घड्याळात कुणी मुद्दाम काही बंद करून ठेवत नाही, तेव्हा थांबलेलं दिसलं की तो बिघाडच. घड्याळापुरतं हे अगदी बरोबर आहे. जगात घड्याळांखेरीजही वस्तू असतात, एवढंच त्याच्या लक्षात राहत नाही.

गाडीचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते बायकोपायी. माझी भावजय म्हणजे भारी बोलघेवडी. मीठ आणायला गेली तर दुकानदाराच्या सासूची दुखणी ऐकून यायची. तिच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया बिघडली आणि तो पाय कायमचा सरळ राहिला, लाकडाच्या फळीसारखा. घर दुसऱ्या मजल्यावर. बसमध्ये चढता येईना, भाड्याच्या गाडीत पाय मावेना. ती खिडकीशी बसू लागली, आणि हळूहळू तिचं बोलणंच आटलं. दिवसभरात चार शब्द, त्यातले दोन 'नको'.

"ताई, ती थांबत चाललीये," काटा मला म्हणाला. त्याच्या तोंडी हा शब्द म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

म्हणून त्यानं ती जुनी गाडी घेतली. बोजड, लांबलचक, पण मागे पाय पसरून बसता येईल अशी ऐसपैस. विकणारा मूळ मालकाचा मुलगा होता. बाप वारल्यापासून गाडी आवारात सडत पडलेली. किल्ली देताना तो म्हणाला, "काका, मागचा डावा दरवाजा बाबांनी वेल्डिंग करून बंद केलाय. तो तसाच राहू द्या."

"का बरं?"

"ते म्हणायचे, आता घरात जागा उरली नाही. शेवटी शेवटी काहीबाहीच बोलायचे हो."

काटा हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

मग जे सुरू झालं त्याला दुरुस्ती म्हणणं म्हणजे पुराला गळती म्हणण्यासारखं होतं. तळाचा पत्रा असा सडलेला की पायाखालून रस्ता दिसायचा. रेडिएटर फुटका, ब्रेक नावालाच, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. एक दुखणं काढावं तर आतून दुसरी दोन डोकावायची. दुकानाला नवं शटर बसवायचं म्हणून साठवलेली पुंजी त्या गाडीनं गिळली. गॅरेजवाला म्हणाला, "काका, दुरुस्त करताय की नव्यानं जन्माला घालताय?" काटा रोज संध्याकाळी इमारतीसमोर रस्त्याकडेला गाडीखाली पडलेला. नुसते पाय दिसायचे.

पण एक झालं. त्या पायांकडे बघता बघता भावजय वरून बोलू लागली. "अहो, डावा दिवा तिरका बसलाय!" "अहो, हा कसला रंग, आजारी माणसासारखा!" ती अशी खेकसली की काटा गाडीखालून तोंड बाहेर काढून हसायचा. त्या हसण्यापुढे खर्च गेला चुलीत, असं मलाही वाटलं.

पाय न वाकवता आत शिरायला मागचा डावाच दरवाजा सोयीचा होता; उजवा वाहत्या रस्त्यावर उघडायचा. काट्यानं वेल्डिंग कापून काढलं, कुलूप साफ केलं, बिजागरीला तेल दिलं. दरवाजा लोण्यासारखा हलू लागला. त्याच्या लेखी काम पुरं झालं.

रविवारी दुपारी ती दोघं तळ्याकडे फिरायला जाऊ लागली. जाताना कधी काही झालं नाही. परतताना पाण्याच्या टाकीमागचं वळण आलं की मागचा डावा दरवाजा उघडायचा. धाडकन नव्हे, हळू, कुणी हातानं उघडावा तसा. गाडी डावीकडे किंचित दबायची. मग दरवाजा लागायचा.

काट्यानं कुलूप बदललं. मग बिजागऱ्या. मग दरवाजाच बदलला, भंगारातून दुसरा आणून.

"वळणावर वजन डावीकडे जातं गं," त्यानं मला समजावलं.

"वळण डावीकडे आहे ना? मग वजन उजवीकडे जाईल. उगाच मला शिकवू नकोस. पुढच्या रविवारी मी येते."

लख्ख ऊन होतं. मी पुढे बसले. परतताना टाकी दिसली तशी भावजय मागून म्हणाली, "सरकते हं जरा."

"मी पुढे आहे गं," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही म्हटलं, वन्सं."

दरवाजा उघडला. गाडीत ओल्या चुन्याचा वास आला. दरवाजा लागला. मी मान वळवून पाहिलं. भावजय उजव्या कडेला खेटून बसली होती, आणि तिच्या शेजारी सीटचं नवंकोरं रेग्झीन खाली दबलेलं होतं. बसल्यावर दबतं तेवढंच. ते वर येईना.

काटा समोर बघून गाडी चालवत होता. मानेवर घाम. घाबरले मीही, पण घाबरून प्रश्न थोडाच सुटतो.

"बसतं ते दिसलं," मी म्हटलं. "उतरतं कुठं?"

एवढे रविवार गेले, दरवाजाची हाडं मोजून झाली, पण हा साधा प्रश्न या शहाण्याला पडला नव्हता. घर आलं की तो उडी मारून खाली उतरायचा आणि बायकोसाठी तोच दरवाजा स्वतः उघडायचा. मग कळणार कसं?

"आज हात लावू नकोस," मी सांगितलं.

इमारतीसमोर त्यानं गाडी थांबवली. आम्ही तिघं आपापल्या जागी बसून राहिलो. इंजिन थंड होताना टिकटिकत होतं. दरवाजा उघडला. रेग्झीन हळूहळू वर आलं, सपाट झालं. मग जिन्याचं जड फाटक, जे ढकलायला मला दोन्ही हात लागतात, ते आपोआप आत उघडलं आणि परत लागलं.

काट्याचा चेहरा राखेसारखा झाला. "ताई, आम्ही किती वेळा फिरायला गेलो असू?"

"मोजू नकोस," मी म्हटलं.

त्यानंतर गाडी जागची हलली नाही. घरात तसं बघायला काहीच नव्हतं. फक्त, काटा सांगायचा, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या आत सारून ठेवल्या की थोड्या वेळानं सगळ्या बाहेर ओढलेल्या असायच्या.

"गॅरेजवाल्याला बोलावलंय. दरवाजा परत बंद करतो," तो बायकोला म्हणाला. मी तिथंच होते.

"मग मी बसू कशी आत?"

"नाही बसायचं."

"अहो, आलेत ते काही परत जात नाहीत. मला कशाला खिडकीशी बसवता?"

"आणि आणखी आलं तर?"

"येऊ दे. तुमच्यापेक्षा बरे ऐकतात."

तो चिडला, म्हणजे त्याच्या मानानं चिडला. चहा अर्धा ठेवून उठला. आम्ही दोघं खाली दुकानात गेलो. गॅरेजवाला वेल्डिंगचं सामान घेऊन आला तेव्हा काटा गाडीची किल्ली आणायला वर गेला आणि तस्साच धावत खाली आला. ती घरात नव्हती.

ती गाडीत होती. मागच्या सीटवर, उजव्या कडेला, पाय पसरून, केस नीट विंचरलेले. किल्ली तिच्याच हातात होती. त्याच्या खांद्याचा आधार घेतल्याशिवाय जी एक पायरी उतरू शकत नव्हती, ती दोन मजले उतरून आली होती.

"एकटी उतरलीस? पडली असतीस म्हणजे?" काटा ओरडला.

"पडायला जिन्यात जागाच कुठं होती?" ती म्हणाली.

गॅरेजवाल्यानं आमच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि काही न विचारता तो सामान उचलून चालू लागला. काटा बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. किती दिवसांनी तिच्या गालांवर रंग आला होता, ते मलाही दिसत होतं. त्यानं तिच्या हातातून किल्ली घेतली.

"ताई, येतेस?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "तुम्ही जा."

तो पुढे बसला. गाडी सुरू झाली. मागची काच खाली होती, आणि भावजयीचं बोलणं मला फाटकापर्यंत ऐकू येत होतं. बोलता बोलता ती मध्येच थांबायची, मान हलवायची, आणि मग पुढचं बोलायची.