मामाजींची जपानीण

आमचे मामाजी गाडीत बसत नसत, उतरत असत. गाडीच तेवढी बुटकी होती. आधी ते दार उघडत, मग पाठ वळवून विहिरीत पाय सोडावा तसा एक पाय आत सोडत आणि 'रामा' म्हणून खाली जात. वरून बघणाऱ्याला टोपीच तेवढी दिसायची. मामाजी म्हणजे माझे सासरे. मी नागपूरची पोर, लग्न होऊन चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावी आले ते नव्वदच्या पुढेमागे. सासरी भाताची गिरणी आहे, धानाची शेती आहे, हे मला सांगितलं होतं. अंगणात एक पांढरी, लांब नाकाची, दोनच दारांची जपानी गाडी आहे, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझ्या वडिलांनी मामाजींना दहा प्रश्न विचारले असते.

गाडी चोरीची नव्हती हो. चंद्रपूरकडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला एक जपानी साहेब आला होता. त्यानं ती हौसेनं, रीतसर कागद करून आणली आणि जाताना इथेच विकून गेला. मामाजी तिथे गिरणीचा पट्टा घ्यायला गेले होते. पट्टा राहिला आणि गाडी आली. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, तिला ओवाळलं नाही. 'ही जपानीण माह्या घरात कायले आनली?' एवढंच विचारलं आणि आत निघून गेल्या. तेव्हापासून सगळ्या गावात तिचं नाव जपानीणच पडलं. मामाजींनाही ते आवडलं असावं, कारण त्यांनी कधी कोणाला टोकलं नाही.

खरं सांगायचं तर गाडी सावलीच्या कामाची नव्हतीच. पळण्यासाठी केलेली ती गाडी, आणि आमच्याकडे पळायला रस्ता कुठे होता? गावाबाहेर पडलं की बैलगाडीच्या चाकोऱ्या, मध्ये उंचवटा. जपानीणीचं पोट त्या उंचवट्यावर असं खरवडायचं की आत बसलेल्याच्या दाढा शिवशिवायच्या. लोक हसायचे. आमचे हे तेव्हा कॉलेजात शिकायचे, घरी आले की म्हणायचे, 'बाबा, हिले नांगर लावा, धुऱ्यावरचं गवत तरी निघन.' मामाजी हसण्याकडे लक्ष देत नसत. ते चहा बशीत ओतत आणि सांगत, 'एका साली एक काम. पन पक्कं.'

हा त्यांचा नेम होता. दिवाळी झाली, धान निघालं, गिरणीचा जोर ओसरला की वर्षाचं ते एक काम हाती घ्यायचं. मधे काही नाही. कोणी म्हणालं की दोन कामं एकदम उरकून टाका, तर म्हणत, 'दोन केली तं कोनतं बिघडलं हे समजते का?' पहिल्या साली त्यांनी गाडी उंच केली. शेजारच्या मूल गावच्या लेथवाल्या रशीदभाईंकडे जाऊन जीपच्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. पोट उंचवट्यावरून सुटलं, पण आत बसायला उतरावंच लागायचं. माझा पुण्यातला मावसभाऊ एकदा आला होता, तो हे पाहून कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, 'अहो, जगभर लोक अशी गाडी खाली घेतात, तुम्ही वर घेतली?' मामाजी म्हणाले, 'मंग जगाले म्हना, सावलीले चालवून दाखव.'

पुढच्या साली भुशासाठी जाळी. गिरणीच्या अंगणात उभी राहणारी गाडी, तिच्या नाकातोंडात कोंडा जायचा आणि ती खोकायची. मग रेडिएटर, कारण आमच्या उन्हाळ्यात जपानीण सिंदेवाही गाव गाठायच्या आतच वाफा सोडायची. मग टायर. मग मागचा भाग फार हलका आहे, वळणावर घसरतो, हे लक्षात आलं तेव्हा डिकीत कोंड्याचं एक पोतं कायमचं ठेवलं. रशीदभाई म्हणायचे, 'भाऊ, नवीन जीप घेतली असती तं कवाची आली असती.' आणि मामाजी म्हणायचे, 'जीप तं कोनीबी घेते ना बाप्पा.'

गाडीचे दिवे मिटलेले असायचे. बटण दाबलं की नाकावरची दोन झाकणं उघडून ते वर यायचे. गावातली पोरं तेवढ्यासाठी शाळा बुडवत. एका साली डाव्या दिव्याची मोटर गेली आणि एकच झाकण उघडू लागलं. नेमक्या त्याच दिवशी आम्ही मंडईला गेलो. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, सगळे सोयरे-धायरे येतात. बाया रांगेनं येत होत्या आणि मामाजींनी बटण दाबलं. जपानीणीनं डोळा मारला. सोयऱ्यांतल्या एक विहीणबाई थबकल्या. आत्याबाईंनी पदर डोक्यावरून असा खाली ओढला की घरी येईपर्यंत मला त्यांचं तोंड दिसलं नाही. त्या साली दिव्याचं काम झालं हे काही सांगायला नको.

मग तो अपघात झाला. गाडीचा नाही, गिरणीचा. चालत्या पट्ट्यानं मामाजींचा डावा हात ओढून घेतला. हाड जुळलं, पण मूठ वळेना. चहाची बशी उजव्या हातात, आणि डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला. जपानी गाडीचं चाक आपल्यासारखंच उजवीकडे असतं, म्हणजे गेर डाव्या हाताला. आमच्या ह्यांनी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला येऊन बघून जायला सांगितलं. वाईट हेतू नव्हता त्यांचा. अंगणात ट्रॅक्टर उभा करायला जागा हवी होती, आणि चालवणारा माणूसच नाही तर गाडी ठेवून करायचं काय? भंगारवाल्यानं गाडीच्या टपावर थापटी मारली. मामाजी ओट्यावर बसले होते. ती थापटी त्यांना लागली, मी पाहिलं.

सकाळी त्यांनी मला हाक मारली. 'सूनबाई, बस बरं इकडच्या बाजूनं.' मी डावीकडे बसले. म्हणजे उतरले. त्यांनी गेरचा दांडा दाखवला. 'मी क्लच दाबन आन सांगन. तू पाडायचा. माहा हात गेला, पाय तं हायेत ना.' मला वाटलं म्हातारा खुळावला. पण तोंडावर कसं म्हणणार? अंगणातून रस्त्यापर्यंत आम्ही सात-आठ गचके खाल्ले. 'पहिला!' 'हव.' 'दुसरा! अवं दुसरा म्हन्लं, रिवस नाई!' गाव पोट धरून हसलं. सासरा गाडी चालवतो आणि सून गेर पाडते, असं कुठे पाहिलंय कोणी? आत्याबाईंना तर ते चारचौघांत फारच लाजिरवाणं वाटायचं. पण धान निघेपर्यंत आम्ही दोघं मिळून असे चालवू लागलो की त्यांना सांगावंही लागेना. इंजिनाचा आवाज चढला की माझा हात आपोआप जायचा.

'लायसन काढून ठेव, कामी येते,' असं म्हणून त्यांनी मला जीपवर शिकायला पाठवलं, लायसन काढायला लावलं. पण जपानीणीचं चाक? छे! ते त्यांनी कोणाच्या हाती दिलं नाही. ह्यांच्याही नाही आणि माझ्याही नाही. मी एकदा चाक मागून पाहिलं. म्हणाले, 'तू गेर भल्ला पाडते.' विषय संपला.

गाडीच्या कागदांची मुदत संपत आली तेव्हा घरात सरळ बोलणं झालं. जुनी गाडी, तिला चंद्रपूरला नेऊन पुन्हा पास करून घ्यायची. पास झाली तर राहील, नाही तर भंगारवाला. हे आमच्या ह्यांनी मांडलं आणि मामाजींनी 'हव' म्हटलं. 'पन एक सांगतो,' ते म्हणाले, 'ते जाईन तं सोताच्या इंजिनवर जाईन. दोर लावून मी तिले फाटकाबाहेर नेऊ देनार नाई.' त्या साली त्यांनी आपला नेम मोडला. ब्रेक, सायलेन्सर, वायरिंग, एका साली तीन कामं. त्यावरून मला समजलं की माणूस किती घाबरलाय.

आणि घाबरलेला माणूस करतो ते त्यांनी केलं. तरुणपणी त्यांच्याकडे शंकरपटाची जोडी होती, शर्यतीचे बैल. पटाला नेताना बैलांच्या शिंगांना जवसाचं तेल चोळून चकचकीत करायची रीत. चंद्रपूरला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एका हातानं सगळ्या गाडीला जवसाचं तेल चोळलं. नाकापासून डिकीपर्यंत. काय चमकत होती म्हणून सांगू! मला तर कौतुकच वाटलं. मूल सोडलं, जंगलातली धूळ सुरू झाली, पुढे कोळशाचे ट्रक लागले, आणि जे जे उडालं ते ते जपानीणीनं अंगाला लावून घेतलं. आरटीओच्या साहेबासमोर उभी राहिली तेव्हा ती काळी झाली होती. काळी आणि केसाळ.

साहेबानं कागद पाहिला, गाडी पाहिली. 'यात रंग पांढरा लिहिलाय.'

'पांढरीच हाय ना साहेब,' मामाजी म्हणाले.

साहेबानं बोटानं टपावर रेघ ओढली आणि बोट रुमालाला पुसलं. 'साफ करून आणा.' पाण्यानं ते निघेना, साबणानं चिखल झाला. मला रडू कोसळायच्या बेतात होतं. मग गिरणीतली माणसं तेलकट हात कशानं साफ करतात ते आठवलं. डिकीतलं पोतं फोडलं आणि मी, नागपूरची बीए झालेली बाई, आरटीओच्या मैदानात पदर खोचून गाडीला कोंडा चोळू लागले. मामाजी एका हातानं दुसऱ्या बाजूनं. लोक जमले. जमू द्या म्हटलं. तासाभरानं गाडी पांढरी नाही तरी पांढुरकी झाली.

'ही उंच काऊन दिसते?' साहेबानं विचारलं.

'रस्ते सरकारनं वर केले नाई, मंग गाडी म्या वर केली.'

साहेब हसला. मला वाटलं, जमलं. पण मग तो म्हणाला, 'चालवून दाखवा,' आणि मामाजी उजवीकडून आत उतरले, मी डावीकडून. 'बाई, तुम्ही बाहेर थांबा.'

मामाजींनी सांगून पाहिलं. 'साहेब, ते माहा डावा हात हाये.'

'भाऊ, गाडी एकाच माणसानं चालवायची असते. ड्रायव्हर घेऊन पुन्हा कधी या.' पुन्हा कधी? मुदत संपत होती, आणि घरी आमचे हे भंगारवाल्याला शब्द देऊन बसले होते.

मामाजी चाक धरून बसून राहिले. मग त्यांनी दार उघडलं, एका हातानं चौकटीला धरून स्वतःला वर ओढलं आणि मला म्हणाले, 'बस.'

'मामाजी, मी ह्या बाजूनं कधी...'

'बस म्हन्लं ना.'

मी बसले. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदा सुरू झालं, आणि मग माझ्या हाताला सगळं ठाऊक होतं, ह्या गाडीला नवे होते ते फक्त पाय. मी फेरी मारली, वळले, ब्रेक लावला, दिवे उघडले. दोन्ही उघडले. पण मामाजी पाहत नव्हते. ते मैदानाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे होते. साहेबानं सही केली तरी ते वळले नाहीत. मी जाऊन सांगितलं, 'झाली पास.' तेव्हा त्यांनी टोपी काढली, तोंड पुसलं आणि गाडीच्या डाव्या बाजूनं चालायला लागले.

परत मीच चालवत आणली. मूल गेल्यावर म्हणाले, 'दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना घाई करून राह्यली तू.' त्यानंतर ते उजवीकडे कधीच बसले नाहीत. बाजारात, सोयऱ्यांकडे, दवाखान्यात, सगळीकडे मी नेलं. कोणी विचारलं, ड्रायव्हर ठेवला का, तर म्हणत, 'ड्रायव्हर नाई, मालकीन हाये.' मला ते ऐकून काय वाटायचं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. इथे सांगते. माझ्या सख्ख्या बापानंही मला एवढा मान दिला नव्हता.

ते गेले थंडीत, झोपेत, कोणाला त्रास न देता. अस्थी मार्कंड्याला, वैनगंगेत न्यायच्या होत्या. जीप ठरली. पुरुष निघणार होते, कारण आमच्यात अस्थींबरोबर बाया जात नाहीत. मी स्वयंपाकघरात होते, मलाही जायचं होतं, पण ह्या वेळी बोलायचं कसं? आणि तेवढ्यात ओट्यावरून आत्याबाईंचा आवाज आला. 'जीप कायले? त्याहिले जपानीण नेईन.' भावकीतले एक म्हातारे म्हणाले, 'वहिनी, पन ते चालवनार कोन?' आत्याबाई म्हणाल्या, 'जे चालवते थे चालवन. तुमच्यापैकी कोनाले येते का?'

मी चाकावर बसले. आमचे हे डावीकडे, मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं. बाकीचे जीपमध्ये मागून. गडचिरोलीच्या रस्त्याला लागेपर्यंत हे समोर बघत होते. ह्या गाडीला नांगर लावा म्हणणारा, भंगारवाल्याला बोलावणारा हा माणूस. घाटाकडचा कच्चा उतार आला. मी ब्रेकवर पाय ठेवणार, तेवढ्यात त्यांनी दोन्ही हातांनी मडकं छातीशी धरलं.

'हळू घे वं,' ते म्हणाले. 'समोर खड्डा हाये. बाबाले लागन.'

मी हळू घेतली.