काचेमागचा काटा

शहागडला हायवेच्या कडेला सिराजोद्दीन यांचं दुकान आहे. पाटी वाऱ्यानं कधीच उडवून नेली, पण पाटी वाचून येणारी गिऱ्हाइकं त्यांना लागतच नाहीत. ट्रकची वायरिंग म्हटलं की सिराजचाचा, हे या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना पाठ आहे. त्यांच्या बायकोला, कमरुन्निसाला, या नावाचा भारी अभिमान, आणि तो लपवायचं तिच्या कधी मनातही आलं नाही. बाजारात नवऱ्याचं नाव सांगून मूठभर कोथिंबीर फुकट घेणारी बाई ती.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र शुगरनं चाचांची नजर खाल्ली. हात शाबूत होते. कुठली वायर कडक झाली, कुठला जोड ढिला पडला, हे बोटांना बराबर कळायचं. पण मीटरचा काटा काचेच्या आत असतो, त्याला बोट कसं लावणार? ड्रायव्हरला विचारावं तर तो आपल्या सोयीचं सांगतो. हे दुखणं चाचांनी बायकोखेरीज कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

अशात कुंभार पिंपळगावच्या पुंजारामचा जुना ट्रक आला. दसऱ्याला त्यानं गाडी हौसेनं रंगवून घेतली, पूजा केली, हार घातला, आणि तिथूनच गाडी बिनसली. इंजिनाच्या गरमीचा काटा लाल पट्टीत जाऊन बसायचा. टाकीत डिझेल थोडंच असलं तरी दुसरा काटा टाकी भरल्याचं दाखवायचा. चाचांनी इंजिनावरचा सेन्सर बदलला, मग टाकीतलं डिझेल मोजणारा फ्लोट बदलला. फरक काडीचा नाही. पुंजाराम पुन्हा आला तो तोंड पाडूनच. उसाचा हंगाम तोंडावर होता आणि दुसरा एक मिस्त्री इंजिन खोलायला सांगत होता.

"चाचा, तुमच्यावर भरोसा हाय म्हणून आलो," तो म्हणाला. "आज न्हाई जमलं तर मंग इंजन खोलावंच लागंल."

चाचा मागच्या खोलीत पाणी प्यायला आले तेव्हा बायकोला हळूच म्हणाले, आज हे काटे जागेवर आले नाहीत तर शटर ओढू आणि जालन्याला लेकीकडं राहायला जाऊ. कमरुन्निसाच्या अंगाचा तिळपापड झाला. ओढणी कमरेला खोचून ती तडक ट्रककडं गेली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कॅबिनमध्ये चढली. काट्यांकडं मी बघते, तुम्ही फक्त काय करायचं ते सांगा, असं तिनं वरूनच बजावलं. पुंजाराम अवघडून बाजूला झाला.

चाचांनी तिला चावी फिरवायला लावली. मग ते खालून एकेक वायर काढायचे, लावायचे, आणि ती वरून काट्याची खबर द्यायची. शेजारणीकडं किती पाहुणे आले हे दारात बसून सांगणारी ही बाई, तिच्या नजरेतून काटा काय सुटणार! पण काही हाती लागेना. कॅबिनमध्ये नीट दिसेना म्हणून तिनं लाईटचं बटण ओढलं, तर काटे आणखी वर उडाले. बंद केलं, खाली आले. तिनं पुन्हा करून पाहिलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अजी सुनो, बत्ती लगाई तो काँटे उप्पर जारै. दोनो के दोनो."

चाचा थबकले. दिव्याचा आणि इंजिनाच्या गरमीचा काय संबंध? संबंध एकच, अर्थिंगचा. बॅटरीतून निघालेला करंट परत जायची वाट सगळ्यांना मिळून एकच असते, आणि ती अडली की सगळ्यांचंच बिनसतं. दोन काटे एकाच दिवशी बिघडले तेव्हाच हे ध्यानात यायला हवं होतं, असं ते स्वतःवरच चिडून पुटपुटले. कॅबिनपासून चेसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, जाणारी अर्थची पट्टी रंगाच्या वेळी सोडली होती का, असं त्यांनी पुंजारामला विचारलं. त्यानं छाती पुढं काढून सांगितलं की सगळं सोडवून रंगवलंय, बोटभर लोखंड उघडं ठेवलं नाही. तिथंच तर घोळ होता. जाड ऑइलपेंटवर पट्टी कसली होती आणि रंगातून करंट जात नाही.

चाचांनी बोल्ट काढला. बोटांना उघडं लोखंड लागेपर्यंत पॉलिश पेपरनं रंग घासला आणि पट्टी पुन्हा आवळली. कमरुन्निसानं लाईट लावून पाहिली. दोन्ही काटे खाली उतरून आपल्या जागेवर, ढिम्म हलेनात. पुंजारामच्या जिवात जीव आला. चाचांसारखा मिस्त्री अख्ख्या जिल्ह्यात नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला.

"म्या नुसता बोल्ट कसला," चाचा हात पुसत म्हणाले. "बिमारी हिनं पकडली."

आजवर नवऱ्याच्या नावावर ताठ मानेनं मिरवलेल्या कमरुन्निसाला आज इतका आनंद झाला होता की खाली उतरताना पायरी सापडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक टिप्पर दारात येऊन थांबला. ड्रायव्हरनं काचेतून डोकावून चाचा आहेत का, असं विचारलं. चाचा समोरच खुर्चीत बसले होते. त्यांनी नुसतं वळून मागच्या खोलीकडं पाहिलं. कमरुन्निसा हात पुसत बाहेर आली आणि टिप्परचं दार उघडून ड्रायव्हरला म्हणाली,

"उतरा खाली. बसू द्या मला."