आरपार जाणारी गोळी

आमच्या घरात बंदूक येईल असं कुणी मला पूर्वी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझ्या माहेरी अंडंसुद्धा येत नसे. पण इथे परदेशात, ट्रुगानिना या आमच्या उपनगरापासून तासाभरावर आम्ही नवरा-बायकोने पाच एकर जमीन घेतली, अंजिराची आणि डाळिंबाची रोपं लावली, आणि लागोपाठ दोन हिवाळे सशांनी त्यांची साल बुंध्याभोवती कुरतडून त्यातली बरीच मारून टाकली. जाळी लावली, तर त्यांनी खालून उकरलं. शेजारणीच्या कुत्र्यामुळे विष घालता येईना. उरली बंदूक. नवऱ्याने पहिल्याच दिवशी हात वर केले. "तू रोज लोकांना सुया टोचतेस. तुझा हात स्थिर आहे," म्हणाला. मी पॅथॉलॉजीच्या सेंटरवर रक्त काढते. शेवटी लायसन्स मीच काढलं.

अडचण शेजारणीच्या म्हाताऱ्या घोडीची होती. धडाम आवाज झाला की ती बिथरून तारेच्या कुंपणात घुसते. शेजारीण म्हणाली, सबसॉनिक वापर. आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणारी गोळी, म्हणून तिचा तो कडाका होत नाही.

दुकानातल्या माणसाने दोन डबे पुढे ठेवले. एकातल्या गोळ्यांच्या टोकाला बारीक भोक होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"हॉलो पॉइंट. आत गेली की फुलते. रॅबिट्ससाठी हीच घे."

"आणि ही दुसरी?"

"सॉलिड. एवढ्या स्लो स्पीडला ती फुलणार नाही, आरपार जाईल. मी तर हॉलोच घेईन, मेट."

आत जाऊन फुलते, ही कल्पनाच मला नको वाटली. आरपार कसं स्वच्छ वाटलं. लहान बाळाचं रक्त घ्यायचं असतं तेव्हा मी सगळ्यात बारीक सुई काढते आणि आईला सांगते, कळणारसुद्धा नाही त्याला. तोच हिशेब मी इथे लावला. त्याने दोनदा समजावलं आणि मी दोनदा मान हलवून सॉलिडचा डबा उचलला. "नो वरीज," तो म्हणाला. तीन आठवडे कागदावर नेम धरला. कागदाला इतकी नेटकी, छोटी भोकं पडत की मला स्वतःचं कौतुक वाटे.

एका शनिवारी दुपार कलल्यावर मी एका सशावर गोळी झाडली. चाळीसेक पावलांवर होता. आवाज खरंच कमी झाला, घोडीने मानही वर केली नाही. पण त्यामुळे पुढचं सगळं ऐकू आलं. गोळी लागल्याचं टप्, आणि मग किंचाळणं. ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. तान्ह्या बाळासारखा ओरडतो. मागचे पाय ओढत तो काटेरी ब्लॅकबेरीच्या जाळीत शिरला आणि दिसेनासा झाला, त्यामुळे पुन्हा गोळी घालण्याची सोयच राहिली नाही.

मी बंदूक रिकामी करून नवऱ्याकडे दिली आणि पालथी पडून आत सरपटले. नवरा बाहेरून म्हणत होता, "अगं, मरेल तो आपोआप. चल ना."

"कधी?" मी विचारलं.

आवाज थांबे, मला वाटे सुटला. मग पुन्हा सुरू होई, थोडा पलीकडून. हात कोपरापर्यंत फाटले होते. मी देवाला म्हणत होते, याला मरू दे, एवढं एक कर. असं मागणं मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. त्या वेळी माझी मलाच इतकी किळस आली की काटे काढायलाही मी थांबले नाही.

तासाभराने शेजारीण आली. चामड्याचे हातमोजे घालून तिने पलीकडून हात घातला, ससा बाहेर ओढला आणि मान एकदाच हिसडली. संपलं. मी रडत तिला थँक्यू म्हणत होते. तिने त्याला उलटं केलं, पोटावर अंगठा दाबला, आणि पांढरा थेंब बाहेर आला.

"मादी आहे, लव्ह. दूध पाजत होती. नेस्ट असणार जवळपास."

मी कुदळ आणली. शेजारीण म्हणाली, मादी बिळात राहत नाही, दिवसातून एकदा येते, पाजते आणि जाताना तोंड मातीने बंद करते. पिल्लं किती दिवस काढतील, असं मी विचारलं. दोन, कदाचित तीन, ती म्हणाली. उजेड होता तोवर आम्ही तिघांनी खणलं. रविवारी सकाळपासून मी एकटीने खणलं. माझ्या हाताने लावलेली अंजिराची चार रोपं त्यात उपटली गेली. मध्येच मी जमिनीला कान लावून बघत होते. पिल्लांचा आवाज येत नव्हता.

दुकानदाराचं ऐकलं असतं तर ती आई जागच्या जागी गेली असती. तिचा तो तास माझ्या हट्टाचा होता, आणि तो मी कुणावर ढकलणार नाही. पण पिल्लांच्या बाबतीत मी कुठलाही डबा उचलला असता तरी हेच झालं असतं. कमीत कमी दुखवणारी गोळी कोणती, याचा मी आठवडेच्या आठवडे विचार केला होता आणि बिळात कुणी असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. सोमवारी संध्याकाळी नवऱ्याने माझ्या हातातून कुदळ काढून घेतली. आईने तोंड इतकं नीट बुजवलं होतं, की तिच्याशिवाय ते कुणालाच सापडणार नव्हतं.