काळ्या-पांढऱ्या कॅंडल

गुरुवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी शेअर दलालाच्या कार्यालयात पट्टीबाई एकट्याच होत्या. खिडकीजवळच्या टेबलावर संगणक सुरू होता आणि आदल्या दिवसाचे भाव स्प्रेडशीटमध्ये टाकायचे होते. बैठक आठ पन्नासला होती. सोमवारपासून मालकांनी घरी विश्रांती घ्यायची की बैठकीतली आपली खुर्ची राखायची, हे त्या बैठकीत ठरणार होतं. मालकांना याची कुणकुण होती. त्यांच्या मुलीने, म्हणजे आता कारभार बघणाऱ्या मॅडमनी, शब्द फार सांभाळून वापरले होते. शब्द सांभाळले जाऊ लागले की काय चाललंय ते घरातल्या माणसाला बरोबर समजतं.

पट्टीबाईंचं खरं नाव हजेरीपटात आहे, पण ते सांगायला हजेरी घेणाऱ्यालाही पट उघडावा लागतो. चौतीस वर्षांपूर्वी त्या नोकरीवर रुजू झाल्या तेव्हा पिशवीत जेवणाचा डबा आणि पोलादी पट्टी होती. आधी त्या नकाशे काढणाऱ्या कचेरीत होत्या. इथे काम वेगळं, हात तोच.

बाजार बंद झाला की भावांची चिठ्ठी यायची. दिवस कुठे सुरू झाला, कुठवर चढला, कुठवर उतरला, कुठे संपला, असे चार आकडे. पट्टीबाई आलेखाच्या कागदावर आधी पेन्सिलीने उभी रेघ काढत, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. मग सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये शाईने चौकट. भाव चढून बंद झाला असेल तर चौकट कोरी, उतरून बंद झाला असेल तर शाईने भरलेली. मेणबत्तीसारख्या दिसणाऱ्या या आकृतीला बाजारात कॅंडल म्हणतात. चूक झाली की ब्लेडने हलकेच खरवडायचं. फार खरवडलं तर कागदाला भोक पडायचं आणि मग महिनाभराचं काम पुन्हा. असं हाताने काढण्याच्या पंचवीस वर्षांत दोनदाच झालं, हे त्या अजूनही न विचारता सांगतात.

कागद संपला की पुढचा जोडायचा. एका वर्षी ती कागदाची पट्टी रोखपालाच्या खिडकीपासून पाण्याच्या पिंपापर्यंत भिंतीभर गेली होती. शाळा सुटल्यावर मालकांची मुलगी तिच्यावरून बोट फिरवत चालायची.

“मावशी, हा दिवस एवढा काळा का?”

“त्या दिवशी सगळे विकत होते.”

“आणि हा?”

“त्या दिवशी तुझे बाबा हसत घरी आले असतील, आठव.”

शाई वाळेपर्यंत मालक मागे उभे राहत. वाळण्याआधी बोट लावायचं नाही, एवढी एकच शिस्त ते कोणाकडून मुकाट्याने ऐकून घेत.

स्प्रेडशीट आली नऊ वर्षांपूर्वी. भाचीने तीन रविवार खर्चून आत्याला शिकवलं. पहिल्या रविवारी आलेख भलताच आला. कॅंडलच्या रेघा चौकटींच्या पोटात शिरल्या होत्या. पट्टीबाईंनी आकडे हाताच्या सवयीने टाकले होते, आधी वरचं टोक, मग खालचं, मग सुरुवात आणि शेवट. तयार आलेखाला सुरुवातीचा भाव पहिला लागतो.

“आत्या, ही सवय सोड.”

“सवय राहू दे. आलेख बदलता येतो का बघ.”

बदलता आला. तेव्हापासून त्या तयार आलेख वापरत नाहीत. एकावर एक रचलेले तीन स्तंभ घेतात. सर्वात खालचा बिनरंगाचा, तो नुसता आधार. सुरुवात आणि शेवट यांतला लहान आकडा ही त्याची उंची. त्यावर चढत्या दिवसाची कोरी चौकट किंवा उतरत्या दिवसाची काळी. दोन्हींची सूत्रं अशी लिहिली आहेत की एका दिवशी त्यांतली एकच दिसते. वरची-खालची रेघ वेगळी जोडलेली. डीलर, म्हणजे फोनवर सौदे घेणारा, जाता-येता म्हणतो, “पट्टीबाई, कारखाना जोरात! आज किती मेणबत्त्या?”

“तुझ्या डोक्यात उजेड पडेपर्यंत काढणार. बरीच वर्षं जातील.”

सगळं जग लाल-हिरव्या कॅंडल बघत असताना इथे काळ्या-पांढऱ्या का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असे: छपाई स्वच्छ येते. खरं कारण कार्यालयात दोघांनाच माहीत होतं. नोकरीच्या तिसऱ्या दिवशी पट्टीबाईंनी हौसेने रंगीत शाईत आलेख काढला होता. मालकांनी दार लावून घेतलं.

“लाल आणि हिरवा मला सारखेच दिसतात. चिखलासारखे. नफा-तोट्यातला फरक न दिसणाऱ्या दलालाकडे कोण येईल? हे या खोलीतच राहू द्या.”

ते त्या खोलीतच राहिलं.

या सोमवारी मॅडमनी बैठकीच्या खोलीत मोठा पडदा लावला. रंगीत आलेख आपोआप येणारा. पट्टीबाईंचे छापील कागद बंद. बुधवारी त्यांनी आदल्या दिवसाच्या कॅंडलवर बोट ठेवून वडिलांचं मत विचारलं. कॅंडल उंच होती, आधीच्या आठवडाभरातल्या सगळ्यांहून वर. मालक म्हणाले, “काल दिवसभर घेणाऱ्यांचा जोर होता.” ती लाल होती. भाव सकाळीच वर उघडला आणि दिवसभर कोसळत गेला होता. मॅडमनी पुढचा आलेख लावला.

त्यानंतर पट्टीबाई मालकांच्या केबिनमध्ये गेल्या.

“मालक, आता सांगू का?”

“तुम्ही नाही सांगायचं.”

“ठीक आहे. सांगत नाही.”

गुरुवारी आठ पन्नासला त्यांनी न विचारताच एक मोठा छापील कागद टेबलावर पसरला. तोच शेअर, तेच दिवस.

“मावशी, कागद बंद केलेत ना आपण?”

“केलेत. हा माझ्या वहीतला समजा. मालक, मंगळवार कसा वाटतो?”

मालकांनी चष्माही पुसला नाही. “उघडला तिथेच थकला होता. वरची रेघ बघा, नावालासुद्धा नाही. दिवसभर विकलंय. आणि हे पंधरा दिवसांपूर्वीही याच उंचीवर झालंय, इथे. या पातळीला कोणीतरी मोठा बसलाय विकायला.” त्यांचं बोट पंधरा दिवस मागे गेलं. तिथेही काळी चौकट होती.

मॅडमनी कागद बघितला, मग पडदा. “मग काल का तसं म्हणालात?”

पट्टीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. डीलरने पेनचं टोपण काढलं आणि लावलं.

“मला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही,” मालक म्हणाले. “कधीच दिसलं नाही.”

“कधीच?”

“लहानपणापासून.”

“म्हणून तुम्ही गाडी शिकला नाहीत? गाडीत विचार करायचा असतो म्हणून ड्रायव्हर लागतो, असं सांगायचात!”

“विचारही करत होतो.”

“आईला माहीत होतं?”

“तुझ्या आईनेच ओळखलं. लग्नाआधी मी तिला हिरवी म्हणून तपकिरी साडी दिली होती.”

डीलर म्हणाला, “मालक, तपकिरी परवडली. माझी तर बायको रंग बघते, मला नाही.” हसू आलं, पण मॅडमना नाही. त्या मावशीकडे वळल्या.

“आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प?”

“मला सांगू नका म्हणाले होते. कागद दाखवू नका, असं नव्हते म्हणाले.”

मॅडमनी कागद हातात घेतला. मग विचारलं, “ही फाइल पडद्यावर उघडते?”

“उघडते की. फक्त अक्षरं मोठी करावी लागतील.”

सोमवारच्या विश्रांतीचा विषय त्या बैठकीत निघाला नाही. दुपारी मॅडमनी स्वतः येऊन पट्टीबाईंकडून तीन स्तंभांची सूत्रं समजून घेतली. आधार बिनरंगाचा ठेवायला त्या दोनदा विसरल्या आणि दोन्ही वेळा सगळा आलेख खांबांच्या जंगलासारखा दिसला.

“पोरी, घाई करू नकोस,” पट्टीबाई म्हणाल्या. मॅडम म्हणायचं त्या विसरल्या होत्या.

उद्या शुक्रवार. पट्टीबाई सात वीसला येतील, अठ्ठावीस शेअरांचे भाव टाकतील आणि फाइल आठ चाळीसला बैठकीच्या पडद्यावर लावतील. दहा मिनिटांनी बैठक सुरू होईल आणि पहिला आलेख मालक वाचतील.