धून शिवणारे येसाजीराव

येसाजीरावांना मी किती ओळखत होतो? फारच थोडं. क्लॅरिनेट त्यांच्या हाती पहिल्यांदा कुणी दिलं, तेही मला सांगता येणार नाही. संगीत मला कळत नाही, लिहिण्याची सवय नाही. पण परवा जयलक्ष्मीपुरमात तिरुमलराव भेटले. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या जमवणारे. म्हणाले, "ग्रीस देशात एक संगीतकार होऊन गेला. पोटासाठी मागच्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवायचा. स्वतःच्या रचना बहुतेक घरात पडून. मेल्यावर लोकांना कळलं, केवढा मोठा होता ते. तुमच्या येसाजीरावांसारखाच."

त्यांना ते गोड वाटलं. माझं डोकं तापलं. मेल्यावर कळलं! जिवंतपणी काय कानांत बोळे होते? आणि त्या ग्रीक माणसाचं नाव निदान त्याच्या रचनांवर राहिलं. आमच्या येसाजीरावांचं कुठे आहे?

इकडे कन्नड मुलखात, मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात मी हजेरी लिहायचो. तिथे कामगारांचा बँड होता. येसाजीराव कारखान्याचे शिंपी, आणि बँडमध्ये शेवटच्या रांगेत क्लॅरिनेट. पाच रेघांच्या कागदावर सूर लिहायला ते शिकले होते. मशीन चालवताना मधेच पाय थांबायचा, आणि कापडावर खुणा करायच्या खडूनं ते टेबलावरच काहीतरी टिपायचे.

अशीच बऱ्याच वर्षांत त्यांनी बँडसाठी एक रचना केली. आमच्या विठ्ठलमंदिरात पहाटे म्हणतात त्या भजनाच्या चालीतून ती निघाली होती. पण सुरुवात नुसत्या ढोलानं. मग दोन क्लॅरिनेट एकमेकांच्या सुराला इतकी खेटून वाजायची, की ऐकणाऱ्याची चुळबूळ व्हावी. हळूहळू सगळा बँड चढत जायचा, आणि चाल पुरी हाती येणार तोच सगळे गप्प. ती मग एकटं क्लॅरिनेट म्हणायचं. तालमीत मी ऐकली, तेव्हा मला उगाच भरून आलं.

त्यांना एकच हवं होतं. "शेषगिरीराव, माइकवर एकदा सांगू देत, ही येसाजीनं केली म्हणून. समोर तुंगा बसलेली असावी. बास." तुंगाबाई त्यांची बायको.

वार्षिक समारंभाच्या दिवशी सूत्रसंचालन नरसिंहमूर्तींकडे होतं. हे कामगार कल्याण अधिकारी. बँड गणवेश घालून उभा. मूर्तींनी घाईघाईत कन्नडमध्ये विचारलं, "हे सगळं छान झालंय, कुणी केलं?" येसाजीराव लाजत म्हणाले, "नानु होलिदे." म्हणजे, मी शिवलं. धुनेबद्दल ते नेहमी असंच बोलायचे. रचली म्हणायला त्यांना संकोच वाटायचा.

मूर्ती माइकवर गेले. "आता एक पारंपरिक धून! आणि बँडचे सुंदर गणवेश शिवल्याबद्दल टेलर येसाजीरावांचे आभार!"

टाळ्या! हार! नारळ!

तुंगाबाई माझ्या पुढच्याच खुर्चीवर होत्या. कार्यक्रम संपल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "अय्यो, सदरे तेवढे तुमचे, नि धून कुणाची हो?"

"सुम्ने बस गं," ते म्हणाले. गप्प बस. "पोरांनी वाजवली चांगली."

साहेबांसमोर माझी जीभ जड होते. तरी दुसऱ्या दिवशी मी मूर्तींकडे गेलो. ते पोट धरून हसले. "तुमचा टेलरच म्हणाला, शिवलं! मी काय करू?"

"मग आता जाहीर करा, साहेब. धून त्यांची आहे."

"चाल भजनाचीच ना? मग पारंपरिकच झाली."

"सूत गिरणीचं असतं," मी म्हणालो, "म्हणून कोट गिरणीनं शिवला का?"

ते हसायचे थांबले. मला जायला सांगितलं. पुढच्या वर्षी तीच धून, तीच घोषणा. त्याच्या पुढच्या वर्षीही.

भजनमंडळीत विषय काढला, तर दामोदरराव म्हणाले, "चालीला नाव कशाला? ती विठोबाची." वा! मंदिराच्या फरशीवर देणगीदारांची नावं कोरली आहेत, घरच्यांच्या नावांसकट. तिथे विठोबा आड येत नाही. शिंप्याचं नाव आलं की मात्र सगळं देवाचं! येसाजीराव तिथेच टाळ पुसत बसले होते. म्हणाले, "होगली बिडी, जाऊ दे." ते सोडू शकले. मला अजून जमलेलं नाही.

पुढे बँड बंद पडला. त्या रचनेचे कागद कुठे गेले, कुणाला ठाऊक नाही. येसाजीराव हूटगळ्ळीत लहानसं दुकान टाकून बसले. तिथे आमची शेवटची भेट झाली. मी सदऱ्याचं कापड घेऊन गेलो होतो. तो सदरा त्यांच्या हातून व्हायचा नव्हता. त्यांनी चिठ्ठी आणि टाचणी काढली.

"नाव काय लिहू?"

"अहो येसाजीराव, इतकी वर्षं ओळखता!"

"तरी सांगा. नाव नसलं की कापड दुसऱ्याच्या अंगावर जातं."

"लिहा, शेषगिरी."

त्यांनी सावकाश लिहिलं, चिठ्ठी कापडाला टाचली.

"कॉलर मऊ ठेवू?"

"मऊच ठेवा."